रिफ्रेश मारून काही होत नाही

साताऱ्याला ताईकडे गेलो होतो. भाचीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता, शेवटची तारीख तोंडावर आली होती. तिने लॅपटॉपचं बटण दाबलं आणि ती चहा ठेवायला उठली. मला वाटलं, मामा आलाय म्हणून. पण लॅपटॉप सुरू करायचा म्हणजे आधी चहा ठेवायचा, असा त्या घरात रिवाजच पडला होता. चहा उकळला, गाळला, कप बाहेर आले, तेव्हा कुठे पडद्यावर एकेक चित्र उमटायला लागलं. मग तिने माउसचं उजवं बटण दाबून रिफ्रेश केलं. पुन्हा रिफ्रेश. असं सहा-सात वेळा. "थांब मामा, रिफ्रेश मारते, म्हणजे जरा मोकळा होईल."

होत नाही.

रिफ्रेश म्हणजे डेस्कटॉपवरच्या चित्रांची यादी पुन्हा वाच आणि ती चित्रं पुन्हा काढ, एवढाच हुकूम. त्याने रॅम रिकामी होत नाही, अडकलेला प्रोग्रॅम सुटत नाही, डिस्कवरचा भार उतरत नाही. नुकतीच ठेवलेली एखादी फाइल दिसत नसेल तर ती दिसेल, बस. कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांचं बघून मुलांना ही सवय लागली, मुलांचं बघून आईवडिलांना. तापलेल्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवावी तसं आपण वर्षानुवर्षं ते बटण दाबतोय, आणि ताप तसाच आहे.

अर्जाचं पान उघडलं. उत्पन्नाचा दाखला जोडायला तिने फाइलची खिडकी उघडली, तर ती उघडायलाच इतका वेळ लागला की मागे सेशन संपलं. पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. दाजी म्हणाले, "डबा झालाय त्याचा. दिवाळीला नवीन घेऊन टाकू."

नवीन घ्यायची गरज नव्हती. ती आहे असं घरोघरी लोकांना वाटतं आणि त्यांना तसं वाटू दिलं जातं, याचा मला मनापासून राग आहे. म्हणून आजचं सदर त्या लॅपटॉपवर.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. विंडोजच्या प्रत्येक यंत्रात तो आहे, फुकट आहे, आणि खरं बोलतो. भाचीच्या लॅपटॉपवर त्याने तीन आकडे दाखवले. प्रोसेसर ९ टक्के. मेमरी ८८ टक्के. डिस्क १०० टक्के, लाल होऊन. म्हणजे ज्याला लोक यंत्राचा मेंदू म्हणतात तो प्रोसेसर हात बांधून बसला होता आणि डिस्ककडून माहिती यायची वाट बघत होता. डिस्क शंभर टक्के राबत होती आणि तरी सेकंदाला जेमतेम दोन-तीन एमबी एवढंच तिच्याकडून येत होतं. लॅपटॉप म्हातारा झालेला नव्हता, त्याचा एकच अवयव बाकीच्या सगळ्यांना अडवून बसला होता.

हा लॅपटॉप २०१९ साली घेतलेला. दुकानाने त्यावर काय लिहिलं होतं ते ताईला अजून पाठ होतं: "१ टीबी, ४ जीबी." एक टीबी म्हणजे खूप, म्हणून घेतला. ती एक टीबी कसली आहे, हे कुणी सांगितलं नाही. ती फिरणारी हार्ड डिस्क होती, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची. हा आकडा खोक्यावर बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. त्या काळात घरगुती वापराचे ढीगभर लॅपटॉप असेच विकले गेले. साठवण भरपूर, वेग नाही. गिऱ्हाइकाला मोठा आकडा दाखवला आणि कामाचा आकडा झाकून ठेवला. याला मी व्यापाराची चलाखी म्हणत नाही, लबाडी म्हणतो.

बंद पडलेली हार्ड डिस्क कधी उघडून बघा. आत आरशासारखी लखलखीत तबकडी असते आणि तिच्यावर जुन्या ग्रामोफोनच्या काट्यासारखा एक हात. फरक इतकाच की ग्रामोफोनचा काटा तबकडीला टेकतो, हा टेकत नाही, केसाच्या जाडीच्याही कितीतरी कमी अंतरावर तरंगतो. मिनिटाला ५४०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ९०. आता हिशेब करा. फाइलचा एक तुकडा वाचायचा तर आधी हात योग्य जागी न्यावा लागतो, त्याला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग लागतो. मग तो तुकडा फिरत फिरत हाताखाली येईपर्यंत थांबायचं, त्यात सरासरी अर्धी फेरी जाते, म्हणजे आणखी साडेपाच सहस्रांश सेकंद. इकडचा एक, तिकडचा एक असे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला साठ-सत्तर तुकडे झाले की त्या डिस्कची ताकद संपली. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे वाचावे लागतात. चहा होईपर्यंत लॅपटॉप काय करत होता, त्याचं उत्तर एवढंच आहे.

फिरती तबकडी आणि सरकता हात ही कल्पना आयबीएमने १९५६ साली बाजारात आणली. त्या पहिल्या यंत्रात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात होतं, आणि त्यात ५० लाख अक्षरं मावायची. तबकड्या मिनिटाला १२०० वेळा फिरायच्या. भाचीच्या लॅपटॉपमधली डिस्क तळहातावर मावते आणि तिची साठवण त्या यंत्राच्या दोन लाख पट आहे. फिरण्याचा वेग मात्र साडेचार पट. साठ वर्षांत कोठार दोन लाख पटीने वाढलं आणि कोठाराचं दार त्या मानाने फारसं रुंदावलं नाही. अभियंत्यांनी दिलेला हा चमत्कार मी कमी लेखत नाही. पण त्या दारातून आजचं विंडोज, आजचा ब्राउझर आणि अँटिव्हायरस एकाच वेळी आत-बाहेर करायला लागले की रांग लागणारच.

यावर उपाय आहे. त्याचं नाव एसएसडी. तिच्यात फिरणारं काहीच नाही, नुसत्या चिप. हात हलवायचा नाही, फेरी यायची वाट बघायची नाही. विखुरलेले तुकडे ती सेकंदाला हजारोंनी वाचते. लॅपटॉपच्या जुन्या हार्ड डिस्कच्याच आकाराची, अडीच इंची एसएसडी मिळते, त्याच खाचेत बसते, त्याच चार स्क्रूंवर.

दुसरा दोष रॅमचा. तो समजायला स्वयंपाकघरात जाऊ. रॅम म्हणजे ओटा, डिस्क म्हणजे माळा. ओटा मोठा असेल तर पोळपाट, परात, भाजी, कुकर सगळं हाताशी राहतं. ओटा वीतभर असेल तर पोळ्या लाटायला घेताना भाजीची कढई माळ्यावर ठेवून यावी लागेल आणि भाजी परतायला परात वर न्यावी लागेल. ४ जीबी रॅमवर विंडोज १० आणि क्रोमचे आठ-दहा टॅब म्हणजे हा वीतभर ओटा. यंत्र दर क्षणाला माळ्यावर चढतंय-उतरतंय. आणि माळा ती ५४०० फेऱ्यांची डिस्क. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये मेमरी भरत आली की डिस्कही लाल होते. दुखणं दोन ठिकाणी आहे आणि एक दुसऱ्याला वाढवतं.

मग दुसऱ्या दिवशी आम्ही तो लॅपटॉप उघडला. आधी बाजारातून २५६ जीबीची एसएसडी आणि ४ जीबीची आणखी एक रॅमपट्टी आणली. दुकानदाराला लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक सांगितला, रॅमचा प्रकार डीडीआर ४ आहे हेही सांगितलं, कारण डीडीआर ३ आणि डीडीआर ४ एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ताईच्या घरातले सगळे फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली. हे पहिलं काम, बाकी सगळं नंतर. मग लॅपटॉप बंद, चार्जर काढला, तळाचे स्क्रू काढून ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ताटलीत मांडले, कारण दोन लांब असतात आणि बाकीचे आखूड. झाकणाच्या खाचा एका जुन्या एटीएम कार्डाने हळूहळू सोडवल्या. आत सगळ्यात आधी बॅटरीची वायर काढली.

पंख्याच्या जाळीत धूळ नव्हतीच, गोधडीचा तुकडा होता. खरंच, चिमट्याने धरून अख्खा एका पट्ट्यात बाहेर आला. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरला की हे होतं. वारा कोंडला की प्रोसेसर तापतो, शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला स्वतःचा वेग उतरवतो. पंख्याचं पातं बोटाने धरून धूळ ब्रशने काढली. त्याला पैसा लागला नाही.

भाचीने स्वतः रॅमपट्टी बसवली. तिरकी घालायची, मग खाली दाबायची, दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज आला की बसली. तो आवाज आल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाचं वाटलं. बारावीच्या मुलीला तिच्या हातातलं यंत्र आतून कुणी दाखवलंच नव्हतं. क्लास लावला होता, सर्टिफिकेट होतं, एक्सेलचे तक्ते येत होते. पण प्रोसेसर कुठला, डिस्क कुठली, हे तिने पहिल्यांदा पाहिलं. सीपीयू म्हणजे खरं तर नुसता प्रोसेसर, पण आपल्याकडे अख्ख्या कॅबिनेटला सीपीयू म्हणतात, "सीपीयू घेऊन या, बघतो" असं दुरुस्तीवालाही म्हणतो. नाव चुकीचं शिकवलं की दोष कुठे आहे ते सापडणार कसं?

आधी मोबाइलवर वेळ लावून पाहिला होता: बटण दाबल्यापासून अर्जाचं पान दिसेपर्यंत ४ मिनिटं ४० सेकंद. नंतर पुन्हा लावला, अर्ध्या मिनिटाच्या आत. खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. अलीकडे मेमरीचे भाव चढले आहेत, तरीही हे गणित नव्याच्या बाजूने झुकत नाही. दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे सहा वर्षं आम्ही उगाच बसून राहिलो?"

हो दाजी. उगाच.

आता ज्यांनी बसवून ठेवलं त्यांच्याकडे वळतो.

पहिला, "फॉरमॅट मारून देतो" म्हणणारा. गावोगाव यंत्र मंद झालं की हाच एक इलाज. डिस्क पुसायची, विंडोज पुन्हा टाकायचं, पैसे घ्यायचे. चार दिवस बरं वाटतं, कारण सुरुवातीला आपोआप उठणारे प्रोग्रॅम गेलेले असतात. महिनाभरात ते परत येतात आणि डिस्क तीच असते. या इलाजात लग्नाचे, बारशाचे, गेलेल्या माणसांचे फोटो पुसले गेलेली घरं मी पाहिली आहेत. त्यात भर म्हणजे पुष्कळदा टाकलेलं विंडोज चोरीचं असतं आणि त्याचं कुलूप तोडायला वापरलेल्या प्रोग्रॅमबरोबर व्हायरस येतो. अपडेट बंद करून ठेवलेले असतात, म्हणजे चोरी उघडी पडू नये. अशा यंत्रावर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकता. चांगले दुरुस्तीवाले आहेत, पुष्कळ आहेत. ते आधी टास्क मॅनेजर उघडतात, डिस्कची तब्येत बघतात, मग तोंड उघडतात. तुमच्या गावात असा एक असेल तर त्याला जपा आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या.

दुसरा, "एका क्लिकमध्ये कॉम्प्युटर सुसाट" म्हणणारी सॉफ्टवेअरं. हा धंदा जुना आहे. १९९५ साली अमेरिकेत सिंक्रोनिस सॉफ्टकॉर्प नावाच्या कंपनीने सॉफ्टरॅम ९५ हा प्रोग्रॅम विकला. दावा असा की हा टाकला की रॅम दुप्पट होईल. लाखो लोकांनी घेतला. जाणकारांनी तो आतून तपासला तेव्हा त्यात मेमरी वाढवणारं काहीही चालत नव्हतं. वाढत होता तो पडद्यावर दाखवायचा आकडा. १९९६ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर कारवाई केली. तीस वर्षं झाली, नावं बदलली, धंदा तोच आहे. "तुमच्या रजिस्ट्रीत ८४७ चुका सापडल्या" असं लाल अक्षरांत दाखवून पैसे मागायचे. रजिस्ट्री साफ करणारे असले प्रोग्रॅम वापरण्याला खुद्द मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. रजिस्ट्रीतल्या चार निरुपयोगी नोंदींनी यंत्र मंद होत नाही, पण कामाची एक नोंद पुसली गेली तर ते बंद पडू शकतं.

यांचाच भाऊबंद म्हणजे ब्राउझरमध्ये अचानक अख्खा पडदा व्यापून "तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय, या नंबरवर फोन करा" म्हणणारी खिडकी. फोन करू नका. मायक्रोसॉफ्ट आपल्या इशाऱ्यांत फोन नंबर देत नाही. ब्राउझर बंद करा, बंद होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून करा. आणि पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, त्याच तासात १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले लोक या खिडकीला फसतात आणि मुलांना सांगत नाहीत. त्यांना मूर्ख म्हणणाऱ्यांची मला चीड येते. मंद यंत्रासमोर रोज हरणारा माणूस मदतीच्या कुठल्याही हाताला धरतो, आणि फसवणारे नेमके तिथेच उभे असतात.

ओळखीपाळखीतले उपायही एकदा निकालात काढू. प्रीफेच नावाचा फोल्डर पुसा म्हणतात. तो विंडोजने प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणूनच केलेला असतो, पुसलात तर पुढची सुरुवात आणखी मंद. रॅमपट्टी काढून खोडरबरने घासतात, त्याने संपर्काच्या पट्ट्यांवरचा मळ निघतो आणि सुरूच न होणारं यंत्र सुरू होऊ शकतं, कोकणातल्या दमट हवेत हे कामाचंही आहे. पण वेग त्याने वाढत नाही. दोन-दोन अँटिव्हायरस टाकतात, ते एकमेकांची आणि प्रत्येक फाइलची झडती घेत बसतात. विंडोज ८ पासून डिफेंडर आत असतोच, घरच्या वापराला तो आणि थोडं भान पुरतं. डीफ्रॅग फिरत्या डिस्कसाठी ठीक, आणि विंडोज तो ठरावीक काळाने स्वतः करतं. एसएसडीवर तो कुठल्याही बाहेरच्या प्रोग्रॅमने करू नका, उगाच झीज.

खरोखर उपयोगाचं आणि फुकट असं मुख्यतः एकच आहे: टास्क मॅनेजरमधला स्टार्टअपचा भाग. यंत्र सुरू होताना कोण कोण आपोआप उठतं त्याची तिथे यादी असते. भाचीच्या यादीत प्रिंटरचे तीन प्रोग्रॅम होते, घरात प्रिंटर नाही. शेजाऱ्याचा एकदा जोडला होता. लॉकडाउनमधल्या ऑनलाइन शाळेची मीटिंगची सॉफ्टवेअरं अजून रोज सकाळी उठत होती. एकेकावर उजवं बटण दाबून डिसेबल केलं. प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त हाक मारल्याशिवाय येत नाही. शिवाय सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली असेल तर जागा करा, पाचवा-सहावा हिस्सा तरी मोकळा ठेवा.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. पास्कल ही भाषा घडवणारे स्विस संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ साली सुटसुटीत सॉफ्टवेअरची कळकळीने बाजू मांडणारा लेख लिहिला होता. यंत्रं जितक्या वेगाने वेगवान होतात त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर जड होतं, असं त्यातलं निरीक्षण. ते त्यांनी मोठ्या मनाने सहकारी मार्टिन रायझर यांच्या नावे नोंदवलं. त्याच वर्षी आलेल्या विंडोज ९५ ला किमान ४ एमबी रॅम लागायची. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ला किमान ४ जीबी. हजार पट. आणि आपण करतो काय? पत्र लिहितो, फोटो बघतो, अर्ज भरतो. त्यातले फोटो मोठे झाले, व्हिडिओ आले, सुरक्षा वाढली, हे सगळं मान्य. पण एक साधा अर्ज दाखवणारं पान शेकडो एमबी मेमरी खातं, ते लिहिणाऱ्याच्या टेबलावर ३२ जीबीचं यंत्र असतं म्हणून. अर्जाची पानं तयार करणाऱ्या प्रत्येकाला ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर, ग्रामीण भागातल्या मोबाइल डेटावर, तेच पान भरून दाखवायला लावलं पाहिजे. आणि मगच ते लोकांसमोर ठेवायला परवानगी दिली पाहिजे.

विंडोज १० च्या नियमित सुरक्षा दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्या. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. भाचीच्या लॅपटॉपमधला आय-३ सातव्या पिढीचा. म्हणजे उत्तम चालणारं यंत्र कागदावर कालबाह्य. जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला नोंद होऊन नीट पुनर्वापरात गेला तो २२.३ टक्के, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. बाकीच्यातला काही कुणाच्या तरी अंगणात जळतो, तांब्यासाठी वायरी जाळणारे हात आपल्याच शहरांच्या कडेला आहेत. त्या ढिगात एक चांगला लॅपटॉप टाकायचा, केवळ त्याच्या प्रोसेसरची पिढी एकाने मागे आहे म्हणून?

ताईशी बोलून मी त्यावर लिनक्स मिंट टाकलं. फुकट आहे, कायदेशीर आहे, सुरक्षा दुरुस्त्या येत राहतात. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहेच, भाची दुसऱ्या दिवशी त्यावर टाइप करत होती. केरळातल्या सरकारी शाळांमधली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकताहेत, त्यांचं काही अडलेलं नाही. महाराष्ट्रात आपण हे इतक्या मोठ्या प्रमाणावर केलं नाही याची मला खंत आहे. ज्यांचं पोट टॅलीवर किंवा श्रीलिपीवर आहे त्यांना मात्र विंडोजच लागेल, त्यांनी ही वाट धरू नये. आणि काही स्वस्त लॅपटॉपमध्ये डिस्क आणि रॅम बोर्डावर डाग देऊन बसवलेली असते, ती बदलताच येत नाही. म्हणून पुढचं यंत्र घेताना दुकानात दोनच प्रश्न विचारा: एसएसडी आहे का, आणि रॅम पुढे वाढवता येते का. नीट उत्तर मिळालं नाही तर दुकानातून बाहेर पडा.

एक गोष्ट शेवटी ठेवली, कारण ती सगळ्यात महत्त्वाची. कालपर्यंत ठीक चालणारं यंत्र एकाएकी मंद झालं, एखादा फोल्डर उघडताना अडकायला लागलं, आतून टिक्-टिक् आवाज यायला लागला, तर ती डिस्क मरायला टेकली आहे. खराब झालेला तुकडा ती पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, म्हणून वेळ लागतो. अशा वेळी फॉरमॅट नको, डीफ्रॅग नको, रात्रभर चालणारी तपासणी नको. आहे त्या अवस्थेत सगळ्यात आधी फोटो आणि कागद दुसरीकडे उतरवा. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम डिस्कची तब्येत सांगतो. त्यात पिवळ्या रंगात कॉशन दिसलं तर त्या दिवशी दुसरं काम करू नका.

लॅपटॉप उघडला त्याच संध्याकाळी भाचीचा अर्ज गेला, पावतीचा क्रमांक आला. जुनी १ टीबी डिस्क तपासली तर धडधाकट निघाली. तिला एक छोटी यूएसबी पेटी लावली. आता ती हळू असली तरी काही बिघडत नाही, महिन्यातून एकदा फोटोंची प्रत ठेवायला ती पुरेशी आहे.

तुम्ही एसएसडी दुकानात बसवून घ्याल तेव्हा जुनी डिस्क तिथे सोडून येऊ नका. तिच्यावर तुमचं आधार कार्ड आहे, पासबुक आहे, तुमच्या आईचे फोटो आहेत. ती मागून घ्या आणि मगच पैसे द्या.